मालवणातून बर्फावर: वर्गमित्रांसोबत पहिल्यांदा स्नोबोर्डिंगला जाताना

वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'एकदा सगळे भेटूया रे' हा मेसेज दर दिवाळीत पडतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत विरून जातो. भेट झालीच तर तारकर्लीत नाहीतर कुणाच्या तरी वाडीत, एका जेवणापुरती. निम्मे लोक गावचेच, त्यामुळे रात्रीचे नऊ वाजले की घरून फोन सुरू. आमच्या बॅचने याला कंटाळून थेट बर्फात स्नोबोर्डिंगला, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून उतारावरून घसरायला, जायचं ठरवलं तेव्हा गावात लोक हसले. समुद्राच्या कडेला वाढलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसांना स्नोबोर्डिंग कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. माझं उत्तर एवढंच की हा खेळ आमच्यापैकी कुणालाच येत नव्हता. बँकेतला साहेब, मस्कतचा फोरमन, आंब्याचा बागायतदार, शाळेतल्या बाई, पहिल्या तासात सगळे सारखेच आपटतात. तिथे कुणाची कॉलर ताठ राहत नाही, आणि मग गप्पा बऱ्या होतात.

कोकणातून अशा सहलीला पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहितोय. ठिकाण कझाकस्तानातलं अल्माटी धरलंय.

आधी तारीख

बर्फाचा हंगाम डिसेंबर ते मार्च-एप्रिल. नेमका तेव्हाच कोकणातला माणूस अडकलेला असतो. डिसेंबरपासून मोहोर आणि फवारण्या, मार्चनंतर काढणी, तेव्हा तर बागायतदाराला विचारूसुद्धा नका. शिमग्याला पालखी सोडून कुणी येणार नाही. आंगणेवाडीच्या जत्रेची गंमत तर आणखी वेगळी. ती तिथीवर ठरत नाही, देवीच्या कौलावर ठरते, त्यामुळे तारीख जाहीर होईपर्यंत फेब्रुवारीचं तिकीट काढायला मालवण-कणकवलीकडचा माणूस धजत नाही.

तिकडचं कॅलेंडरही बघा. नाताळपासून ७ जानेवारीपर्यंत (त्या दिवशी तिथला ऑर्थोडॉक्स नाताळ असतो) डोंगरावर गर्दी आणि हॉटेलांचे दर चढे. ८ मार्चला महिला दिनाची सुट्टी, २१ ते २३ मार्च नौरुझ, म्हणजे तिथलं वसंतातलं नववर्ष. हे सगळं वगळलं तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा उरतो. तोच धरा. शनिवारी-रविवारी अख्खं अल्माटी शहर डोंगरावर लोटतं, म्हणून शनिवारी पोचायचं आणि सोमवार ते शुक्रवार बर्फावर घालवायचे.

तारखेसाठी ग्रुपवर पोल टाकू नका. पोलवर सगळेच 'हो' दाबतात आणि पैसे भरायच्या दिवशी अर्धे गायब होतात. एकेकाला फोन करा. ज्याच्याशी दहा वर्षं बोलणं नाही त्याला तर नक्कीच, आणि सहलीचा विषय लगेच काढू नका. आधी घरचं विचारा. 'आये कशी आसा?' एवढ्याने बरंच काम होतं. सहा ते आठ जण जमले की पुरे. त्याहून जास्त झाले की जेवायला कुठे बसायचं यावरच दिवस जातो.

अल्माटीच का

पहिल्यांदा शिकायला आल्प्स लागत नाहीत. शिकणारा माणूस पाच दिवस शंभर-दोनशे मीटरच्या उतारावरच खाली-वर करत असतो, तो उतार स्वित्झर्लंडातल्या झेरमॅटला असो की आणखी कुठे. गुलमर्ग आपलं आहे, उत्तम आहे, आणि सगळे भारतातच असाल तर तिथेच जा. पण आमच्यासारखे दोघे आखातात, एक जर्मनीत, बाकीचे पुण्या-मुंबईत आणि मालवणात असे पांगलेले असाल, तर मधलं ठिकाण सोयीचं पडतं.

अल्माटी शहरापासून तासाभराच्या आत शिंबुलाक हे स्कीचं ठिकाण आहे, तियानशान पर्वताच्या झाइलिस्की अलाताऊ रांगेत. शहरातून टॅक्सीने किंवा १२ नंबरच्या बसने मेदेऊला जायचं. तिथे १६९१ मीटर उंचीवर उघडं स्केटिंग मैदान आहे. मेदेऊहून साडेचार किलोमीटर लांबीच्या गोंडोल्याने (दोरावरून जाणाऱ्या बंद केबिनने) २२६० मीटरवरच्या शिंबुलाकला. तिथून पुढच्या लिफ्ट तळगर खिंडीपर्यंत, म्हणजे ३१८० मीटरपर्यंत जातात. शहरात राहायचं आणि रोज डोंगरावर जायचं हा याचा मोठा फायदा. डोंगरावरचं हॉटेल महाग असतं, आणि बर्फाचा कंटाळा आलेल्या मित्राला तिथे दिवसभर भिंतीकडे बघत बसावं लागतं.

हिवाळ्यात अल्माटीत कोळशाच्या धुराचं मळभ साचतं, हे आधीच सांगतो. शहर वाटीत बसल्यासारखं डोंगराच्या पायथ्याशी आहे, थंड हवा खाली अडकते आणि धूरही. दम्याचा त्रास असलेल्याने औषध जवळ ठेवावं. गोंडोला वर चढला की ते मळभ पायाखाली राहतं आणि वर लख्ख ऊन असतं.

कागदपत्रं आणि तिकीट

भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात एका वेळी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. जुलै २०२२ पासून ही सवलत आहे आणि १८० दिवसांत एकूण ४२ दिवसांची मर्यादा आहे. तरी तिकीट काढण्याच्या आदल्या दिवशी वकिलातीची वेबसाइट बघाच, असे नियम एका रात्रीत बदलतात. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने हवी. आपल्याकडे पासपोर्ट कपाटात पडून असतो आणि मुदत संपल्याचं विमानतळावर कळतं, म्हणून आजच काढून बघा. नवा काढायचा असेल तर पोलीस पडताळणी धरून हाताशी दोन-तीन महिने ठेवा.

अल्माटीला थेट विमानं दिल्लीहून आहेत. मात्र एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा मध्य आशियाच्या काही फेऱ्या रद्दच झाल्या होत्या. तेव्हा थेट फेरी आहे का, कुठल्या कंपनीची आहे, रद्द झाली तर पैसे कसे मिळतात, हे बघून मगच पैसे भरा. दुबई-शारजावरून जाण्याचाही पर्याय आहे. वळसा पडतो, पण आखातातले मित्र तिथेच भेटतात आणि पुढचा प्रवास एकत्र होतो.

मालवणहून मुंबई गाठायला रात्रीची रेल्वे सगळ्यांत भरवशाची. कुडाळ किंवा कणकवलीहून चढायचं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला मोबाइल घेऊन बसा. चिपी किंवा मोपाहून मुंबईचं विमान सोयीच्या वेळी मिळालं तर छानच. महामार्गाबद्दल मी काही बोलत नाही. काहीही असो, मुंबईहून दिल्लीच्या किंवा दुबईच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी तिथे पोचलेलं बरं. डोंबिवलीत किंवा परळात प्रत्येकाचं कुणी ना कुणी असतंच.

विम्याचं नीट वाचा. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कीइंग-स्नोबोर्डिंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं. 'विंटर स्पोर्ट्स'चं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि तेही आखलेल्या उतारांपुरतंच असतं. दोरी ओलांडून बाहेर गेलात किंवा प्यायलेले असताना पडलात तर कंपनी हात वर करते. मनगट मोडलं तर परदेशातल्या उपचाराचा खर्च तिकिटापेक्षा जास्त होऊ शकतो.

पैशाचं बोलणं

मोडलेल्या हाडापेक्षा मोडलेल्या हिशेबाने मैत्री जास्त तुटते. एकाला खजिनदार करा, तो शाळेत वर्गाची फी गोळा करणारा असेल तर उत्तमच. प्रत्येकाने सुरुवातीला सारखी रक्कम जमा करायची आणि टॅक्सी, जेवण, खोली त्यातून. बोर्डाचं भाडं, शिकवणी, दारू ज्याची त्याने.

सगळ्यांची ऐपत सारखी नसते, आणि वर्गमित्रांमध्ये हे बोलायला सगळ्यांत अवघड जातं. म्हणून हॉटेल ठरवताना ज्याचा खिसा सगळ्यांत लहान, त्याला आधी एकट्याला फोन करून बजेट विचारा आणि तोच आकडा ग्रुपवर स्वतःच्या नावाने टाका. आमच्यातल्या मस्कतवाल्याने हे इतक्या सफाईने केलं की बऱ्याच जणांना अजून पत्ता नाही. एखाद्याचं तिकीट दुसऱ्याने काढायचं असेल तर ते दोघांतच राहू द्या, ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी नकोत.

तिथलं चलन टेंगे. डॉलर नेऊन शहरात बदलता येतात, फॉरेक्स कार्डही चालतं. आपल्या यूपीआयसारखं तिथे कास्पी आहे, पण ते त्यांच्या बँक खात्यावर चालतं, म्हणून थोडी रोकड खिशात असू द्या.

अंग तयार करणं

निघायच्या सहा आठवडे आधी सुरू करा. मांड्या, पोटऱ्या आणि पोट, या तिघांवर सगळा भार येतो. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, बैठका, प्लँक, एका पायावर उभं राहून दात घासणं, एवढं पुरे. जिम लागत नाही. चिवल्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत अनवाणी चाला, आणि घराजवळची पाखाडी (पायऱ्यांची वाट) दिवसातून चार-पाच वेळा चढा-उतरा. उतरणं टाळू नका, मांड्यांना खरी सवय त्यानेच लागते.

रक्तदाब, मधुमेह, जुनं गुडघ्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या. आपण समुद्रसपाटीची माणसं, दोन-तीन हजार मीटरवर डोकं जड होणं, झोप न लागणं, भूक मरणं हे होऊ शकतं. म्हणून पहिल्या दिवशी मेदेऊपर्यंतच जा, पाणी भरपूर प्या, आणि पोचल्या रात्री 'बसायचं' टाळा.

ज्यांच्या जवळ सोय आहे त्यांनी आधी एक तास शिकून यावं. दुबईच्या मॉलमध्ये स्की दुबई हे बंदिस्त बर्फघर २००५ पासून आहे, आखातातल्या मित्राला ते सहज जमतं. फक्त त्याला सांगून ठेवा की तिकडे आल्यावर आम्हाला शिकवायला जाऊ नकोस.

कपडे: विकत थोडे, उसने बरेच

मालवणात जानेवारीत फार तर अंगावर शाल येते, त्यामुळे घरात काहीच नसतं. तीन थर लागतात. अंगालगत घाम टिपणारं थर्मल, त्यावर फ्लीस (लोकरीसारखं मऊ, उबदार कापड), सगळ्यांत वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट-पँट. सुती बनियन आणि जीन्स अजिबात नको. सुती कापड भिजतं, वाळत नाही, आणि उणे दहात ओलं बनियन घालून उभं राहिलात की दिवस तिथेच संपतो.

थर्मल आणि मोजे स्वतःचे घ्या, पुण्या-मुंबईच्या डेकॅथलॉनमध्ये मिळतात. जॅकेट-पँट ओळखीत विचारा, प्रत्येकाच्या नात्यात कुणीतरी मनाली किंवा युरोप करून आलेलं असतं. नाहीतर तिथे भाड्यानेही मिळतात. हातमोजे जलरोधक हवेत, शक्य तर दोन जोड. गॉगल आणि सनस्क्रीन यांची चेष्टा करू नका. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांशीही कातडी भाजते. होडीवर आयुष्य गेलेल्या माणसालाही.

मनगटाचे गार्ड आणि कुल्ल्यावर गादी असलेली आतली चड्डी, या दोन वस्तू दुकानदार सांगत नाही. नवशिक्या स्नोबोर्डवाल्याचं सगळ्यांत जास्त मोडतं ते मनगट, आणि सगळ्यांत जास्त दुखतं ते माकडहाड. गादीची चड्डी घालून आपण विचित्र दिसतो, पण पँटच्या आत कोण बघतंय.

खाण्यात मेतकूट, सुकी चटणी, खटखटे लाडू, फणसपोळी न्या. बर्फावर खिशात लाडू असणं फार सोयीचं. सुक्या बांगड्याचा मोह मात्र आवरा. कस्टमचा प्रश्न वेगळाच, हॉटेलच्या बंद खिडक्यांच्या खोलीत तो वास आठवडाभर तुमच्याआधी लिफ्टमध्ये शिरेल.

बोर्ड आणि बूट भाड्याने घेताना

घाई करायची नाही ती इथे. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच घ्या.

बूट सगळ्यांत महत्त्वाचे. एकच मोजा घालायचा, लांब, सुरकुती नसलेला. उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघा वाकवला की किंचित मागे सरली पाहिजेत. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. आपल्याला चपलेची सवय, म्हणून घट्ट बूट म्हणजे चुकीचा असं वाटतं. दहा मिनिटं घालून दुकानात फिरा, मग ठरवा.

बोर्ड उभा धरला की हनुवटी ते नाक यांच्या मध्ये यावा. खरा हिशेब वजनाचा असतो, ७० किलोच्या माणसाला साधारण १५० ते १५५ सेंटीमीटर. पाय मोठे असतील तर रुंद बोर्ड मागा. 'बिगिनर' म्हणून मऊ बोर्ड मागायला लाजू नका.

मग पुढचा पाय कुठला ते ठरवायचं. डावा पुढे असेल तर 'रेग्युलर', उजवा पुढे असेल तर 'गूफी'. मोजे घालून गुळगुळीत लादीवर धावत घसरा आणि कुठला पाय आपोआप पुढे जातो ते बघा, किंवा मित्राला न सांगता मागून हलकं ढकलायला सांगा. शाळेतल्या मित्रांना दुसरी पद्धत जास्त आवडते. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला बांधणारे पट्टे, लावताना दुकानातल्या माणसाला पुढचा पाय १५ अंश पुढे आणि मागचा ९ ते १५ अंश मागे असं लावायला सांगा. दोन्ही पायांची बोटं बाहेर, बदकासारखी.

अनामत म्हणून पासपोर्ट ठेवू नका, रोख द्या. बोर्डाच्या तळाचे आणि कडांचे फोटो दुकानातच काढा. हेल्मेट घ्याच.

बर्फावर

शिकवणारा लावा, पहिले दोन दिवस तरी. रोज दोन तासांची शिकवणी आणि मग तासभर स्वतःचा सराव, त्यापुढे मांड्या ऐकत नाहीत. इंग्रजी बोलणारा हवा असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं, तिथे कझाक आणि रशियन चालतं. मोबाइलवर रशियन भाषांतर ऑफलाइन उतरवून ठेवा आणि मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

पहिला धडा एकाच पायाचा. पुढचा पाय बांधलेला, मागचा मोकळा, आणि सपाटीवर स्वतःला ढकलत चालायचं. कंटाळवाणं आहे, पण लिफ्टमधून उतरताना हेच लागतं. मग दोन्ही पाय बांधून बोर्डाच्या टाचेकडच्या कडेवर उभं राहून, बोर्ड उताराला आडवा ठेवून, हळूहळू खाली सरकणं. मग तेच बोटांच्या कडेवर, डोंगराकडे तोंड करून. मग गळणाऱ्या पानासारखं डावीकडे-उजवीकडे हेलकावत उतरणं. वळणं त्यानंतर. बहुतेकांना तिसऱ्या दिवशी पहिलं खरं वळण जमतं. कुणाला पाचव्या दिवशीही नाही, त्यात काही बिघडत नाही.

उभं राहायचं ते लाटेवरच्या होडीत राहतो तसं: गुडघे ढिले, कंबर खाली, नजर लांब. बर्फाकडे बघाल तर बर्फावर जाल.

सगळी आपटाआपटी एका कारणाने होते. बोर्ड सपाट झाला आणि उताराच्या खालच्या बाजूची कड बर्फात रुतली की क्षणात माणूस भुईसपाट. म्हणून लक्षात ठेवायचं ते एकच, डोंगराकडची कड रुतलेली, दरीकडची उचललेली. तरी पडणारच. पडताना हात पसरून टेकू नका, मुठी आवळा आणि पुढे पडत असाल तर कोपरापासूनच्या हातावर या. मागे पडत असाल तर हनुवटी छातीला लावा आणि कुल्ल्यावर बसून घ्या.

आमचा बागायतदार असा बसला तेव्हा वरून कुणीतरी ओरडलं, "काय रे, पडलंस?" खालून उत्तर आलं, "नाय रे, बसलंय!" मग तो दिवसभर बसतच राहिला. त्याच्या उठण्याची गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. टाचेच्या बाजूने, समोर दरी आणि पुढे पोट, त्याला उठताच येईना. शिकवणाऱ्या पोराने त्याला हाताने खुणावलं, तो पालथा झाला, बोर्ड हवेत फिरवून दुसऱ्या बाजूला आणला, गुडघ्यांवर आला, हात टेकले आणि बोटांच्या कडेवर आरामात उभा राहिला. पोट सुटलेल्या सगळ्यांनी आधी हेच शिकून घ्यावं.

उताराच्या मध्ये बसू नका, उंचवट्याच्या लगेच खाली तर नाहीच, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. थांबायचं तर कडेला. तुमच्यापुढे, म्हणजे खाली, जो आहे त्याचा हक्क पहिला. त्याला चुकवायची जबाबदारी वरून येणाऱ्याची. बोर्ड काढून ठेवाल तेव्हा बाइंडिंग खाली करून उलटा ठेवा, नाहीतर तो एकटाच निघतो आणि खाली कुणाच्या तरी नडगीवर आदळतो. उतारांचे रंग बघा: हिरवा सोपा, मग निळा, मग लाल, काळा आपला नाही. दोरीपलीकडचा अनवट बर्फ कितीही सुंदर दिसला तरी जायचं नाही, हिमकडे कोसळतात ते तिथेच.

उघड्या खुर्चीच्या लिफ्टमधून उतरताना मागचा पाय मोकळा हवा. तो दोन बाइंडिंगच्या मध्ये बोर्डावर टेकवा, बोर्डाचं नाक सरळ ठेवा, उभे राहा आणि घसरत बाजूला व्हा. मित्राचा हात धरू नका, दोघेही पडता. बंद केबिन असेल तिथे पहिले दोन दिवस केबिनच घ्या.

केबिनचा दुसरा फायदा मला वर जातानाच कळला. मेदेऊहून वर जायला बराच वेळ लागतो, खाली सूचिपर्णी झाडं, समोर बसलेल्या माणसाकडे बघण्याखेरीज काही काम नाही. रोज जोडीदार बदला, ठरवून. शाळेत ज्याच्याशी फारसं जमलं नाही त्याच्याबरोबर एकदा तरी बसा. पुण्याच्या मित्राने नोकरी गेल्याचं, वर्षभर घरी न सांगितल्याचं, अशाच एका फेरीत मला सांगितलं. हातमोज्यावरचा बर्फ खरवडत सांगत होता, वर बघत नव्हता. मी काही सल्ला दिला नाही. वर पोचल्यावर त्याने बोर्ड उचलला आणि विचारलं, "आज हिरव्यावरच ना?"

जो बर्फावर येत नाही त्याचं काय

आठ जणांत एखादा असा असतोच, आणि त्याला सामान सांभाळायला बसवणं हा अन्याय आहे. मेदेऊला स्केटिंग आहे, शहरात कोक-तोबे टेकडीवर जायला रोपवे आहे, पानफिलोव बागेतलं लाकडी कॅथेड्रल आहे. ते १९०७ मध्ये पुरं झालं आणि १९११ च्या मोठ्या भूकंपातही उभं राहिलं. झिल्योनी बाजारात सुकामेवा, सफरचंदं आणि घोड्याच्या मांसाच्या सॉसेजच्या माळा एकाच छपराखाली दिसतात. आपल्या सफरचंदाचा रानटी पूर्वज याच तियानशानच्या जंगलांतला, त्यामुळे सफरचंद तिथे खाऊन बघाच.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून आरासान हमामखान्यात जावं. मोठं सार्वजनिक स्नानगृह आहे, रशियन वाफ, फिनिश सौना, तुर्की हमाम असे वेगळे भाग. आखडलेल्या मांड्यांना त्यासारखं औषध नाही.

जेवणात लगमान (नूडल्स), मंटी (वाफवलेले मोमो), पुलाव, तंदूरची रोटी. मासे खाणाऱ्याने आशा सोडावी, समुद्र फार लांब आहे. शाकाहारी मित्राला 'बेज म्यासा', म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करून द्या आणि भोपळ्याचा समसा शोधा. भारतीय हॉटेलंही आहेत, पण पहिल्याच रात्री तिकडे धावू नका.

रात्री गप्पांमध्ये शाळेच्या जुन्या गोष्टी आपोआप निघतात, त्यासाठी कार्यक्रम आखायला नको. 'अंताक्षरी खेळूया' म्हणणाऱ्याला हळूच गप्प करा. पगार, मुलांचे मार्क आणि राजकारण, या तिघांपैकी पहिल्या दोनवर बंदी घालता येते. तिसऱ्यावर मालवणी माणूस बंदी मानणार नाही.

परतीचं

शेवटचा दिवस बर्फावर नको. थकलेल्या पायांनी 'एक शेवटची फेरी' म्हणत निघालेल्या माणसालाच लागतं. सामान परत करून अनामत घ्या, ओले कपडे हॉटेलच्या हीटरजवळ वाळवा आणि हिशेब अल्माटी विमानतळावरच मिटवा. घरी पोचल्यावर तो कुणी मिटवत नाही. घड्याळ अर्ध्या तासानेच बदलायचं असतं, तिकडची वेळ आपल्यामागे आहे.

घरी आल्यावर जॅकेट, हातमोजे, मोजे कडक उन्हात दोन दिवस वाळत घाला, मे महिन्यात पुन्हा एकदा वाळवा, आणि हवाबंद पिशवीत कडुलिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या टाकून माळ्यावर ठेवा. कोकणचा पावसाळा फ्लीसला बुरशी आणल्याशिवाय राहत नाही. पुढच्या वर्षी जायचं नसेल तर एवढी यातायात करूच नका. कुडाळ-सावंतवाडीकडच्या कुठल्या तरी दुसऱ्या बॅचने विचारलं की सगळं बोचकं बांधून त्यांना देऊन टाका.